‘अस्सल चामडे’, पण कोणाचे?

जुन्या बुटाचे अस्तर टाचेपाशी फाटले, की तो टाकून देण्यापूर्वी एकदा ते अस्तर भिंगाखाली धरून पाहावे. बुटाचा वरचा भाग गाईच्या किंवा म्हशीच्या कातड्याचा असेल अशी आपली समजूत असते, आणि बहुतेक वेळा ती खरीही असते. आतल्या मऊ, फिकट अस्तरावर मात्र पुष्कळदा वेगळीच नक्षी दिसते. बारीक छिद्रे, तीन-तीनच्या गटाने, त्रिकोणात टोचल्यासारखी. आणि अस्तर उलटून पाहिले तर मागच्या बाजूलाही तीच. ही डुकराच्या कातड्याची खूण आहे. डुकराचे राठ केस तीन-तीनच्या झुपक्यांनी उगवतात आणि त्यांची मुळे कातड्याच्या जाडीतून आरपार गेलेली असतात, त्यामुळे कातडे कमावल्यानंतरही छिद्रे दोन्ही अंगांना राहतात. त्यांतून हवा खेळते, पायाचा घाम सुकतो आणि कातडेही स्वस्त पडते, म्हणून ते अस्तरासाठी सोयीचे. माझ्या बुटांत ही नक्षी मला पहिल्यांदा दिसली, तेव्हा ते बूट मी तीन वर्षे वापरले होते. त्यांच्यावरच्या चिठ्ठीवर ‘अस्सल चामडे’ असे लिहिलेले होते. त्या चिठ्ठीत खोटे काहीच नव्हते, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच सुरू होते.

चामड्याची वस्तू विकताना ते चामडे कोणत्या प्राण्याचे आहे हे वस्तूवर लिहिणे बंधनकारक असावे, आणि ते केवळ दर्शनी भागापुरते नसून अस्तर, पट्टी, आतला तळ अशा प्रत्येक भागासाठी असावे, असे माझे म्हणणे आहे. कोणी कोणते कातडे वापरावे आणि कोणते वापरू नये, हे मी इथे सांगत नाही. मी स्वतः चामड्याच्या वस्तू वापरतो. कोणाला डुक्कर निषिद्ध असते, कोणाला गाय पूज्य असते, कोणाला घोड्याच्या कातड्याची कल्पनाही सहन होत नाही, कोणाला फक्त रानटी प्राण्यांची चिंता असते, तर कोणाला यांतल्या कशाचेच काही वाटत नाही. या सगळ्यांची मते वेगवेगळी राहणार आणि राहावीत. पण मत बनवायला जी माहिती लागते ती कोणाकडेच नसावी, ही स्थिती सगळ्यांवर सारखाच अन्याय करणारी आहे.

हा प्रश्न डुकराच्या अस्तरापुरताच असता, तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज पडली नसती. जगात कमावल्या जाणाऱ्या कातड्यांपैकी बहुतांश कातडी गाय-बैल, म्हैस, मेंढी, शेळी आणि डुक्कर यांचीच असतात हे खरे आहे. तरी नेहमीच्या वापरातल्या वस्तूंची नावे आणि त्यांतली कातडी यांचा मेळ घालू लागलो, की एकेक नाव हातातून निसटू लागते. काच आणि गाडी पुसण्यासाठी जे मऊ पिवळे ‘शॅमॉय’ वापरतात त्याला शॅमॉय या डोंगरी, शेळीसारख्या प्राण्याचे नाव आहे. पण आज ते जवळजवळ नेहमी मेंढीच्या कातड्याचा आतला पापुद्रा माशाच्या तेलात कमावून केलेले असते. गोल्फच्या हातमोज्यांसाठी नावाजलेल्या ‘कॅब्रेटा’ चामड्याच्या नावात शेळीचा स्पॅनिश शब्द दडलेला आहे, आणि ते चामडे असते केसाळ जातीच्या मेंढीचे. ‘डोस्किन’ म्हणजे हरिणीचे कातडे, असे वाटायला लावणारे हातमोजे बहुधा कोकराच्या नाहीतर मेंढीच्या कातड्याचे निघतात. अमेरिकी फुटबॉलला लोक आजही ‘पिगस्किन’ म्हणतात, तो चेंडू गाईच्या कातड्याचा असतो. आणि ज्यावर कुठेही डुकराचा उल्लेख नसतो त्या बुटात डुक्कर असते. यांतली बरीच नावे फसवण्याच्या हेतूने पडलेली नाहीत. ती जुनी आहेत, आतला माल बदलत गेला आणि नाव मात्र तसेच राहिले. पण ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा परिणाम एकच होतो: नाव वाचून प्राणी कळेल, हा भरवसा राहत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘ईलस्किन’, अर्थात वाम माशाच्या कातड्याची म्हणून विकली जाणारी पाकिटे. १९८०च्या दशकात ती फार लोकप्रिय झाली. असे पाकीट हातात घेऊन पाहिले, तर दोन-तीन बोटे रुंदीच्या चकचकीत पट्ट्या एकमेकींना शिवलेल्या दिसतात, आणि प्रत्येक पट्टीच्या मधोमध पाठीच्या कण्याच्या जागी एक गडद रेघ गेलेली असते. कातडे रेशमासारखे मऊ असते, त्याला खवल्यांची खूण नसते. ते वामीचे नसतेच. ते असते हॅगफिश या जीवाचे. हॅगफिशला जबडा नसतो. समुद्राच्या तळाशी मेलेल्या माशांच्या आणि देवमाशांच्या शरीरात शिरून तो आतून मांस खातो, आणि डिवचला गेला की क्षणात भरपूर चिकट बुळबुळीत स्राव सोडतो. वामीशी त्याचे साम्य लांबट आकारापुरते. जीवशास्त्राच्या हिशेबाने वाम ही हॅगफिशपेक्षा आपल्याला जवळची आहे. त्या काळात अशी एक अफवा पसरली होती, की या पाकिटात ठेवलेली बँकेची कार्डे निकामी होतात. विजेचा झटका देणाऱ्या ईलच्या कातड्यात काही शक्ती उरत असावी, असे लोकांना वाटत असे. पाकिटाच्या खटक्यात लोहचुंबक असे, हे त्यामागचे साधे कारण. पाकिटात ना विजेची ईल होती, ना साधी.

या अफवेचे लोकांना हसू येई, पण हॅगफिशच्या बाबतीत जे घडले ते गंभीर होते. कोरियात त्याचे मांस खाल्ले जाते आणि कातडे कमावले जाते. मागणी वाढली तसा तिथल्या समुद्रातला हॅगफिश कमी होत गेला आणि खरेदीदार अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोचले. पाकीट विकत घेणाऱ्या लाखो लोकांपैकी एकालाही हॅगफिश हे नाव ऐकून माहीत नव्हते, तर त्याच्या साठ्याविषयी प्रश्न कोण विचारणार होते? ज्या प्राण्याचे नावच वस्तूवर येत नाही, त्याच्या कमी होण्याची खंतही कोणाला वाटत नाही. म्हणून चुकीचे नाव ही किरकोळ बाब आहे, असे मला वाटत नाही.

आता घोड्याकडे पाहू. ‘कॉर्डोव्हन’ नावाचे महागडे, आरशासारखे चकाकणारे चामडे घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातड्याखाली असलेल्या घट्ट तंतूंच्या थरापासून करतात. एका घोड्यापासून त्याचे दोन लंबगोल तुकडे मिळतात आणि ते कमावायला सहा महिने लागतात. हे बूट घालणाऱ्या सर्वांना कॉर्डोव्हन म्हणजे घोडा हे माहीत असते, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलचा चेंडूही १९७४ पर्यंत घोड्याच्या कातड्याने मढवलेला असे. कातड्यांची चणचण भासू लागली तेव्हा ती जागा गाईच्या कातड्याने घेतली. याच्या शेजारी २०१३ चा जानेवारी ठेवून पाहावा. त्या महिन्यात आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गोमांसाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बर्गरचे २७ नमुने तपासले आणि त्यांतल्या १० नमुन्यांत घोड्याचा डीएनए सापडला. एका नमुन्यात तर गोमांसाच्या तुलनेत २९ टक्के घोडा होता. युरोपभर खळबळ उडाली, दुकानांतून माल मागे घेतला गेला, देशोदेशी तपासण्या सुरू झाल्या. ते मांस खाऊन कोणी आजारी पडले म्हणून लोक संतापलेले नव्हते. जे नाव सांगितले त्याऐवजी दुसरा प्राणी दिला, या एका गोष्टीचा तो संताप होता, आणि तो रास्तच होता. ताटातल्या प्राण्याचे नाव जाणून घेण्याचा हक्क ज्यांनी इतक्या ठामपणे मागितला, त्यांनी पायातल्या प्राण्याचे नाव मात्र कधी विचारलेले नाही.

अन्न पोटात जाते, चामडे बाहेर राहते, म्हणून दोन्हींची तुलना करू नये, असे कोणी म्हणेल. मग फरचे उदाहरण घ्यावे, कारण फरही अंगाबाहेरच राहते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या फरच्या बाजारात ‘हडसन सील’ नावाचे कोट विकले जात. ते सीलचे नसत, मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्याची फर कातरून आणि रंगवून केलेले असत. अशा नावांना आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९५१ साली फरच्या वस्तूंवरील लेबलांचा कायदा झाला आणि प्राण्याचे खरे नाव लिहिणे सक्तीचे झाले. स्वस्त वस्तूंना त्यात जी सूट होती तीही २०१० च्या दुरुस्तीने काढून टाकली. हा कायदा ‘फर’ची व्याख्या करतो ती अशी, की केस किंवा लोकर अंगावर असलेले प्राण्याचे कातडे, आणि केस काढून ज्याचे चामडे करायचे आहे ते कातडे या व्याख्येतून वगळतो. म्हणजे एकाच प्राण्याच्या एकाच कातड्यावर केस आहेत तोवर प्राण्याचे नाव लपवणे गुन्हा ठरतो, आणि केस उतरवले की नाव सांगायची गरजच उरत नाही. या भेदाला कोणता नैतिक आधार आहे, हे मला अनेकदा विचार करूनही सापडलेले नाही. उलट केस असताना प्राणी ओळखण्याची निदान थोडीतरी शक्यता असते. केस गेल्यावर, कमावून, रंगवून, वर मगरीच्या खवल्यांचा ठसा उमटवल्यावर ती उरत नाही. लेबलाची गरज जिथे अधिक, तिथेच ते नाही. युरोपीय संघाने २००७ च्या नियमाने कुत्र्यामांजरांच्या फरच्या व्यापारावर बंदी घातली, तिचाही भर फर या शब्दावरच आहे.

माहिती उपलब्धच नसते, असा बचाव चर्मोद्योगाकडून केला जातो. तो मला मान्य नाही. कातडे कमावणाऱ्याला ते कोणाचे आहे हे पक्के ठाऊक असते, कारण मेंढीच्या आणि डुकराच्या कातड्याची प्रक्रिया वेगळी, जाडी वेगळी, भाव वेगळा. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या वर्गीकरणातही तयार चामड्याचे क्रमांक प्राण्यांनुसार पाडलेले आहेत: ४१०७ खाली गोवंशाचे आणि घोड्याचे, ४११२ खाली मेंढीचे, ४११३ खाली शेळीचे, डुकराचे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे, असे वेगवेगळे. चामडे सरहद्द ओलांडते तेव्हा सोबतच्या कागदावर हे लिहावेच लागते. मग त्याच चामड्याचा बूट होतो आणि तो ६४०३ या क्रमांकाखाली जातो, जिथे बुटाचा वरचा भाग ‘चामड्याचा’ एवढेच वर्णन पुरते. प्राण्याचे नाव कुठे गळून पडते ते बोट ठेवून दाखवता येते: कारखान्याच्या दारात, चामडे आत जाते आणि बूट बाहेर पडतो त्या टप्प्यावर. तोवर ते नाव कागदावर असते, शुल्क आकारण्याच्या कामी येते. ज्याच्या पैशावर ही सगळी साखळी चालते त्या ग्राहकापर्यंत तेवढे ते पोचत नाही.

याहून वजनदार आक्षेप ‘उपउत्पादना’चा आहे. जनावर मांसासाठी किंवा दुधासाठी पाळले जाते, कातडे वापरले नाही तर ते कुजून जाईल, तेव्हा चामडे ही खरे तर बचत आहे, असा तो युक्तिवाद. गाईगुरांच्या बाबतीत त्यात पुष्कळ तथ्य आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पण तो सरसकट ‘चामड्या’ला लागू पडत नाही. फार्मवर पाळलेल्या मगरी मुख्यतः कातड्यासाठीच वाढवल्या जातात. शहामृगपालनाच्या उत्पन्नात कातड्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे हा युक्तिवाद खरा की खोटा हे प्राण्यावर ठरते, आणि प्राण्याचे नाव न सांगता तो मांडणे म्हणजे गाईच्या बाजूने दिलेली साक्ष मगरीच्या नावावर खपवणे आहे. ज्यांचा या युक्तिवादावर मनापासून विश्वास आहे, त्यांना तर प्राण्याचे नाव लिहिणे हवेसेच वाटले पाहिजे.

कांगारूचे उदाहरण इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात दोन्ही बाजूंना काही सांगण्यासारखे आहे आणि नाव उघड झाल्याने काय होते हेही त्यातून दिसते. फुटबॉल खेळाडूंच्या बुटांसाठी कांगारूचे चामडे अनेक दशके उत्तम मानले गेले. त्यातले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे पसरलेले असतात, गाईच्या कातड्यासारखे आडवेतिडवे गुंतलेले नसतात. म्हणून ते अगदी पातळ सोलले तरी त्याची ताकद टिकते आणि बूट पायाला मोज्यासारखा बसतो. हे कांगारू पाळलेले नसतात. ऑस्ट्रेलियात परवानाधारक शिकारी रात्रीच्या वेळी, प्रखर दिव्याच्या उजेडात, डोक्यात गोळी घालून त्यांना मारतात. तेथील सरकार त्यासाठी कोटा ठरवते आणि अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दहा लाखांहून अधिक कांगारू असे मारले जातात. मादी मारली गेली आणि तिच्या पिशवीत पिल्लू असले, तर त्यालाही मारावे असे तिथल्या आचारसंहितेतच सांगितलेले आहे, कारण आईविना ते जगणार नाही. या व्यवसायाचे समर्थक म्हणतात, की कांगारूंची संख्या मोठी आहे, ते मोकळ्या रानात जगतात, त्यांना गोठ्याचे आणि वाहतुकीचे हाल सोसावे लागत नाहीत, आणि कोट्यामुळे संख्येवर लक्षही राहते. हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. विरोधक त्या पिल्लाकडे बोट दाखवतात, आणि तोही मुद्दा सहज झटकून टाकता येत नाही.

पण दुकानात बूट हातात घेणाऱ्या मुलाला यातले काय कळत होते? बुटाच्या वर्णनात ‘के-लेदर’ असा शब्द असे. एका संपूर्ण प्राण्याचे एक अक्षर झाले होते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने कांगारूच्या वस्तूंवर १९७० च्या दशकाच्या आरंभीच बंदी घातली होती, मध्यंतरी ती काही वर्षे स्थगित होती आणि २०१६ पासून पुन्हा लागू झाली. या निमित्ताने प्राण्याचे नाव चर्चेत आले, लोक विचारू लागले, आणि २०२३ साली नाइकी आणि प्यूमा या दोन्ही कंपन्यांनी कांगारूचे चामडे वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की वाद उघड्यावर झाला, आणि तो होऊ शकला कारण कांगारू हा शब्द उच्चारला गेला. हॅगफिशच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

तपासणी कशी करणार, हाही प्रश्न विचारला जातो. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावताना कातड्यातला डीएनए बराच खराब होतो, त्यामुळे अन्नाला लावतो ती चाचणी इथे दर वेळी चालत नाही, हे खरे. मात्र चामडे मुळात कोलॅजेनचे असते आणि कोलॅजेनच्या तुकड्यांची वजने प्राण्यागणिक किंचित वेगळी भरतात. त्यावरून गट ओळखण्याची पद्धत संशोधकांच्या हाती आहे. तिची ताकद २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसली. तेराव्या शतकातल्या छोट्या बायबलांची पाने इतकी तलम आहेत, की ती न जन्मलेल्या वासरांच्या नाहीतर सशासारख्या लहान प्राण्याच्या कातड्याची असावीत, असे मानले जात असे. संशोधकांनी त्या पानांचा टवकाही काढला नाही. पानावरून खोडरबर हलकेच फिरवून जो भुगा पडला तो तपासला, आणि ती पाने वासरू, शेळी आणि मेंढी यांच्या कातड्यांची, कसबाने पातळ केलेली असल्याचे सिद्ध झाले. आठशे वर्षांपूर्वीच्या पानाचा प्राणी खोडरबराच्या भुग्यावरून सांगता येत असेल, तर गेल्या वर्षी शिवलेल्या बुटाच्या बाबतीत हात वर करता येणार नाहीत.

नाव लिहिले तर डुकराच्या अस्तराचे बूट अनेक जण घेणार नाहीत आणि उद्योगाचे नुकसान होईल, हे मी नाकारत नाही. होईल. पण न सांगितल्यामुळेच जो माल खपतो, त्याच्या खपाचे रक्षण करणे हे कायद्याचे काम नव्हे. जपायला हवे ते लहान कारागिराला, जो तयार चामड्याचे तुकडे घेऊन पट्टे आणि पाकिटे शिवतो. त्याच्यावर प्रयोगशाळेचा खर्च पडता कामा नये. चामडे विकणाऱ्याने बिलावर प्राण्याचे नाव लिहून द्यावे आणि कारागिराने तेच पुढे लिहावे, एवढी जबाबदारी त्याला पुरे. खोट्या नावाचा दोष बिल देणाऱ्यावर. चामड्याचा भुगा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या ‘बाँडेड लेदर’मध्ये अनेक प्राणी मिसळलेले असू शकतात, तिथे तसेच स्पष्ट लिहावे.

शब्दाच्या नेमकेपणाबद्दल चर्मोद्योग स्वतः किती आग्रही आहे, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. वनस्पतींपासून आणि प्लास्टिकपासून केलेल्या पर्यायांना ‘चामडे’ म्हणू नये, अशी त्याची मागणी आहे. ब्राझीलने १९६५ साली आणि इटलीने २०२० साली तसे कायदेही केले: चामडे हा शब्द प्राण्याच्या कातड्यासाठीच राखीव. ही मागणी मला योग्य वाटते, कारण ग्राहकाला नेमके कळावे हाच तिचा आधार आहे. पण तो आधार घेतला, की तो प्राणी कोणता हेही सांगावे लागते.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. युरोपात १९९४ च्या निर्देशानुसार प्रत्येक बुटावर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचे आहेत हे लहान चित्रांनी किंवा शब्दांनी दाखवावे लागते. चामड्यासाठी ताणून पसरलेल्या कातड्याची आकृती असते. डुक्कर असो, मेंढी असो वा कांगारू, आकृती एकच, आणि तिच्याखाली एक शब्द मावेल एवढी जागा नेहमी मोकळी असते. कपड्यांसाठी तिथे २०११ चा नियम आहे. जीन्सच्या कमरेवर मागे जो चामड्याचा छोटा तुकडा शिवलेला असतो, त्याच्यासाठीसुद्धा आतल्या चिठ्ठीवर एक ठरावीक वाक्य छापावे लागते: ‘यात प्राणिज मूळ असलेले, कापडाव्यतिरिक्त भाग आहेत.’ बोटभर तुकड्यासाठी एवढे लांब वाक्य लिहून घेणे कायद्याला जमले आहे. त्या वाक्यात ‘प्राणिज’ हा शब्द आहे, तिथे प्राण्याचे नाव लिहायचे आहे.